रिटचिंगवाला

चाळीस वर्षं मी रविवार कारंज्याजवळच्या एका माडीवर
लोकांचे तीळ बुजवले.
निगेटिव्हमध्ये तीळ काळा नसतो,
उजेडाचं छिद्र असतं ते.
खालून आरशाचा प्रकाश, पॉलिश पेपरवर
टोक काढलेली पेन्सिल, आणि श्वास रोखून
भरत जायचं ठिपका ठिपका,
शेजारच्या कातडीला पत्ता लागू नये असं.

माझ्या नाकावरचा मात्र राहू दिला.
इंदू म्हणायची, मान मिळेल.
मग त्याला मोत्यासारखी कड आली, मधे खपली.
पडायची, पुन्हा धरायची,
रुमालाला रोज एक थेंब.
दाढी करताना लागलं, असं मी सांगायचो.
नाकावर दाढी कोण करतो, हे कोणी विचारलं नाही.

बोरस्ते डॉक्टरीण विचारत नाहीत, बघतात.
भिंग बाजूला ठेवून म्हणाल्या, कॅन्सर आहे,
पण हा घर सोडून सहसा कुठे जात नाही.
घरच खातो.

गंगापूर रोड. भूल फक्त नाकापुरती.
एक पातळ थर कापला, कडांना शाई लावली,
निळी, तांबडी,
आणि मला पट्टी बांधून बाहेर बसवलं.
आपल्याच धंद्यातली बाई, मला वाटलं :
खालून उजेड, काचेवर माणूस.
तासाभराने, "खाली डावीकडे अजून आहे."
पुन्हा आत. पुन्हा बाहेर.
शेजारी सायखेड्याचे पोस्टमन, कान बांधलेला,
डबा उघडून म्हणाले, घ्या थालीपीठ.
अर्धं नाक गेलेल्या माणसालाही वास आला.
तिसऱ्या खेपेला कडा कोऱ्या निघाल्या.

खड्डा भरायला कपाळाचं कातडं वळवून आणलं.
तीन आठवडे भुवईपासून नाकापर्यंत
सोंडेसारखा पूल, आतून रक्ताची ये-जा.
आरसा बघायचा नाही, असं ठरवलं होतं.
बघितला. सवयीने आधी कडाच बघितल्या.

या गावाचं नावच, म्हणे, एका कापलेल्या नाकावरून.
पट्टी बदलायला शरणपूरहून सुवार्ता सिस्टर यायच्या.
एकदा चिमट्याने कापूस उचलता उचलता म्हणाल्या,
"कापणाऱ्याचं नाव सगळ्यांना पाठ.
तिची पट्टी कोणी बदलली हो, काका?"
जन्म पंचवटीत गेला,
मला सांगता आलं नाही.

कपाळ पुरतं शिवता आलं नव्हतं.
रुपयाएवढं उघडंच ठेवलेलं.
"आपलं आपण भरेल ते. ओलं ठेवा, घाई करू नका."
भरलं. तळातून,
आधी डाळिंबाच्या दाण्यांसारखं लाल, ओलसर,
मग कडेकडेने एक फिकट साय
रोज तांदळाच्या टोकाएवढी सरकत आली.
कोणाच्याच हातात पेन्सिल नव्हती.

त्या दिवसांत देवळाली कॅम्पची एक मुलगी आठवायची.
गालावर भाजल्याची खूण. आई म्हणाली, काढा,
स्थळाला पाठवायचाय फोटो.
मी इतक्या सफाईने बुजवली
की लग्नानंतर नवरा दुकानात भांडायला आला.
ती त्याच्या मागे, पदर गालावर धरून.
मालकांनी पैसे परत केले.
मी मान खाली घालून
टोक असलेल्या पेन्सिलीला टोक काढत राहिलो.

नोव्हेंबरात बँकेत गेलो, इंदूच्या पेन्शनसाठी
माझ्या हयातीचा दाखला.
कारकून फोटो बघतो, मला बघतो,
"तुम्हीच ना?"
पूल कधीच कापला होता,
पण शिरांना बातमी उशिरा कळते म्हणतात.
काउंटरवरची माशी उडून नाकावर बसली
आणि मी कपाळावर हात मारला.

"चिडू नका, काका," तो म्हणाला,
"करतो सही."