मीटर

होकिटिकाच्या पहाटे, दूध काढायच्या शेडमध्ये
गायीला नळ्या लावता लावता
वायमारी विचारते, "अजून किती गं?"

दीडशे तासांतले एकसष्ट पूर्णांक चार झाले.
"मागच्या महिन्यातही साठच होते की."
हो. मागचा महिनाभर धुकं होतं
आणि खात्यात तेवढंही नव्हतं.

आमच्या हेलिकॉप्टरचं मीटर विचित्र आहे :
डाव्या हातातला दांडा उचलला तरच धावतं.
जमिनीवर बसून पंखा कितीही फिरवा,
मोजत नाही.

पहिले नऊ तास एका जागी थांबण्यात गेले.
पुरुषभर उंचीवर, नुसतं थांबायचं.
मी कुरणभर भरकटले,
दावं तुटलेल्या वासरासारखी.
मर्डोक म्हणाला, "हात हलवू नकोस.
डावीकडे जायचंय, एवढं फक्त मनात आण."
दहाव्या तासाला
कुरण अचानक थांबलं.

काल त्याने न सांगता इंजिनची ताकद काढून घेतली.
भोंगा वाजला.
मी ठरवायच्या आत माझ्या हाताने
दांडा खाली टाकला होता.
नदीतले गोटे एकेक करून मोठे होत आले.
"दीड सेकंद मिळतो," तो नंतर म्हणाला, चहा ओतताना.
"तुला एक लागला."

दांडा खाली, म्हणजे मीटरही बंद.
ते पडणं वहीत कुठेच नाही.

"म्हणजे वर्ष? दोन वर्षं?"
मला खरंच सांगता येत नाही.

दोनशे बारा नंबरची गाय लाथ झाडते.
माझा हात
आधीच बाजूला झालेला असतो.