स्थानिक नाव

पाच्छा पेठेत, यंत्रमागांच्या दोन शेडमधल्या बोळात
झाड क्रमांक दोन हजार एकशे सतरा.
मागच्या नोंदवहीत कुणीतरी लिहिलंय : बेल.
मी टेप लावते. छातीइतक्या उंचीवर घेर
एकशे अठ्ठावीस सेंटिमीटर.
टेप परत येताना काट्यात अडकते.

काटा सरळ, पानाच्या बगलेतून निघालेला,
बोटाच्या दोन पेरांएवढा.
पण काटे बेलालाही असतात.
म्हणून पान खुडते, मोजते.
तीन नाही. पाच. त्याच्या शेजारचं सात.
मधल्या देठाला दोन्हीकडून बारीक पंख,
उन्हासमोर धरलं की सुईनं टोचल्यासारखे ठिपके,
चुरगाळलं की बडीशेप.
कवठ आहे हे.

"शिवरात्रीला येतात की माणसं पानं न्यायला,"
लचमव्वा गड्डम सांगते. मांडीवर सूप,
सुपात तेंदूपत्ता, बोटांत अर्धी वळलेली विडी.
"मोजतात, परत जातात. कुणी तसंच नेतंबी.
देव काय मोजत बसतोय व्हय?"
तिच्या दोऱ्याचं रीळ कवठाच्या कवटीत राहतं.
कवटी सासूची. हात लागून लागून काळी झालेली,
नखानं वाजवली तर दारासारखी वाजते.
तिच्या बोलीत हे वेलगा.
गणपतीत ह्याच्याच कच्च्या गराची पच्चडी,
दात आंबेपर्यंत.

समोरच्या उंबऱ्यातून नीलव्वा हत्तुरे :
"बेलच की ते! आमच्यात ह्यालाच बेल म्हणतात.
तुमचा बेल वेगळा. तो आमचा बिल्व."
नातवाच्या उचकीवर तिनं ह्याच पानांचा रस दिला होता.
थांबली का उचकी?
"थांबली. पाण्यानंबी थांबली असती."

बाकड्यावरचे यादगिरी मामा इतका वेळ गप्प होते.
चादरीची डिझाइनं काढायचे, चौकटीच्या कागदावर,
एकेक घर रंगवत.
"मोराच्या गळ्याचा निळा," ते म्हणतात,
"ह्या डिंकात कालवला की हलायचा नाही.
बाजारचा डिंक पावसाळ्यात रडायचा."
आणि खोडावरच्या एका जुन्या भेगेवर बोट ठेवतात,
जसं कुणी दुसऱ्याच्या जखमेवर ठेवतं, जरा लांबून.

मग मालक. अंबादास येमूल, हातात किल्ल्यांचा जुडगा.
वहीत डोकावतात.
"बेलच लिहिलंय ना? मग राहू द्या.
बेलाला हात लावत नाही आपण.
नाहीतर तिसरी शेड इथंच बसत होती."

खडखडाट चालूच असतो. बोळात
सगळेच जरा मोठ्यानं बोलतात,
म्हणून गप्प झालेलं लगेच कळतं.
आमच्या कुंभार मॅडम म्हणायच्या,
नाव चुकलं की पुढचं सगळं चुकतं.
मॅडमना बोळ माहीत नव्हता.
की माहीत होता?

शास्त्रीय नाव : लिमोनिया अ‍ॅसिडिसिमा.
नीट, वळणदार, एक अक्षर न खाता.
स्थानिक नाव.
"नीलव्वा, काय म्हणालात तुम्ही?"
"बेल," ती म्हणते. ह्या वेळी
माझ्याकडे न बघता, मालकांकडे बघून.
मी लिहिते.

उपयोग. रकाना दीड इंचाचा.
डिंक, उचकी, रीळ, मोराचा गळा,
ह्यातलं काय बसवू?
"फळ खाद्य" लिहून पुढं जाते.

लचमव्वा सूप बाजूला ठेवते, एक फळ उचलते,
राखी, खरखरीत, धुळीत लोळून आल्यासारखं.
कमरेइतक्या उंचीवरून फरशीवर सोडते.
उसळत नाही. ठप्प.
"पिकलंय," ती म्हणते.
बत्त्यानं फोडते, गूळ कुस्करते, जिरं टाकते,
आणि पहिला घास मालकांच्या हातावर.
ते खातात. काही बोलत नाहीत.
चिंचेहून जड, गुळाहून उग्र असा तो वास
शर्टाला लागला की दिवसभर जात नाही.

माझा अंगठा पानाला चिकटतो.
दोन हजार एकशे सतरावर तपकिरी ठसा,
पुसला तर अक्षरंही जातील.

पुढचं झाड कडुनिंब. वहीतही कडुनिंब.
तरी मी एकदा नीलव्वाकडे बघते.