नंबर

अकरा वर्षं मी राजपथावरच्या दुकानात
लोकांच्या नाकावर ती जड गोल चौकट ठेवते,
एक काच काढते, दुसरी घालते, विचारते :
आता कसं दिसतंय? आणि आता?
आधीचं बरं होतं की हे?
लोक बिचकतात. परीक्षेला बसल्यासारखे
चुकलेल्या अक्षराची माफी मागतात.

माझा नंबर उणे अडीच.
माझा मीच काढलेला.

पोवई नाक्याला झेरॉक्सच्या मागच्या गाळ्यात
दिलावर शिकलगार जुने कॅमेरे विकतात.
बावीस हजार डब्याच्या पिशवीत, चटणीच्या डबीखाली.
म्हटलं, चांगला दाखवा.
म्हणाले, काढणार काय?
हे मी ठरवून आलेच नव्हते.
फुलं, म्हणाले. कासची.
ते हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

तीन बॉड्या मांडल्या.
"हा वडूजच्या पोराचा. एकेचाळीस हजार क्लिक,
सगळी लग्नं. ह्यानं अक्षता बघितल्यात,
फुलं फक्त हारातली."
पट्ट्यावर हळदीचा डाग होता, धुऊनही न गेलेला.
मेगापिक्सेल विचारले, तर म्हणाले,
"ताई, तुम्ही ताट केवढं ते विचारताय.
स्वयंपाक काचेत होतो."

मग काचा आल्या. त्या मला कळतात.
एक उचलली, ट्यूबलाइटखाली तिरपी धरली
रोज धरते तशी,
आत कडेला पांढरं काहीतरी पसरलेलं,
कोळ्याच्या पायांसारखं.
बुरशी आहे, म्हणाले.
शिकलगार माझ्याकडे बघत राहिले,
ती लेन्स काउंटरखाली गेली
आणि चहा सांगितला गेला.

आकडा मोठा तर भोक लहान, हे उलटं गणित
त्यांनी माझ्याच डोळ्यावर सोडवलं :
"उन्हातून आलात तेव्हा बाहुली मोहरीएवढी होती,
आता बघा आरशात."
सोळावर नुसती फट.
एक पॉइंट आठवर सताड दार,
पण दार सताड उघडलं की
एकच पाहुणा नीट दिसतो,
त्याच्यामागची सगळी वरात धूर.

"अठरा-पंचावन्न न्या, सगळे तेच नेतात.
नाहीतर हे पन्नास. हे पुढं-मागं होत नाही.
जवळ पाहिजे असेल तर तुम्ही चालायचं."
प्लास्टिकचं, हलकं, पेढ्याच्या पुड्याएवढं वजन.
मी दिवसभर एका जागी उभी असते.
चालायचं, असं मला कुणी सांगितलंच नव्हतं.

डोळा लावला तर चष्म्याची काडी आपटली.
"काढा तो," म्हणाले.
खिडकीच्या कडेला नखाएवढं एक चाक होतं,
ते त्यांनी फिरवलं,
समोरची कॅलेंडरवरची तारीख
पाण्यातून वर येते तशी वर यायला लागली
आणि ते विचारत होते :
आता कसं दिसतंय? आणि आता?

मला उत्तर देता येईना.
आधीचं बरं होतं की हे.

एकोणीस हजार पाचशे झाले.
उरलेल्यात सिलिका घ्या, म्हणाले,
साताऱ्याचा पावसाळा काचेला सोसत नाही.

कासला अजून गेले नाही.
दुकान आठ फुटांचं, त्यात पन्नास मावत नाही,
म्हणून मी मागं सरकत गेले,
उंबऱ्यापर्यंत, मग पायरीखाली,
रिक्षावाला काय ओरडला ते लिहीत नाही.
आत स्टुलावर मेढ्याच्या गुणाबाई ससाणे,
नाकावर जड चौकट,
तिसऱ्या ओळीतलं अक्षर ओठांवर आलेलं.

फोटोत चौकटीचा स्क्रू लख्ख आलाय.
डोळे जरा मागं राहिले.
मालक म्हणाले, हललाय. पुसून टाक.
बाईंनी मात्र स्क्रीन हातभर लांब धरली,
मग नाकाशी आणली, मग पुन्हा लांब.
मी आहे व्हय ही, म्हणाल्या,
थांब, चष्मा मिळू दे, मग बघून सांगते.

मंगळवारी या, असं त्यांच्या पावतीवर
मीच लिहून दिलंय.