तीन वाजता

निळ्या-पांढऱ्या लाडा टॅक्सीचं बॉनेट उघडं.
एक नंबरचा प्लग काढलाय.
"भोकावर अंगठा ठेव," गाश तेफेरा म्हणतात
आणि पान्यानं पुली फिरवतात, इतक्या दमानं
की जेबेनातली कॉफी गाळ न हलवता ओतावी.
"काही लागलं?"
काहीच नाही.
"पिस्टन वर आलाय, पण रिकामा आलाय. थांब."

आणखी एक फेरा.
आता आतली हवा अंगठा ढकलते,
बंद दार लोटणाऱ्या पोरासारखी.
"हं. हा खरा."

मघाशी मी अंगठा लावलाच नव्हता.
खाच खुणेसमोर आली, तेवढं पाहिलं,
डिस्ट्रिब्युटर बसवला, तेराच्या पान्यानं नट आवळला.
वोंडवोसेननं चावी फिरवली
आणि कार्बुरेटरमधून असा बार निघाला
की समोरच्या खाटकाची गिऱ्हाइकं रस्त्यावर आली.

गाश ओरडले नाहीत.
माझं मनगट धरून विचारलं, "किती वाजले?"
"नऊ."
"तीन. आपले तीन वाजलेत."

घड्याळ बहिणीनं बैरूतहून पाठवलेलं,
परदेशी आकड्यांवर चालणारं.
अदिस अबाबात आम्ही उजाडल्यापासून तास मोजतो.
तिचा काटा नवावर, आमचा तीनवर,
बरोबर समोरासमोर. अर्धा फेरा.
दोन्ही खरे.
इंजिनाला मात्र दोन्ही चालत नाहीत.

यशीमबेतच्या तिकिटावरही तीनच होतं.
मी तीनला पोचलो, ऊन चांगलं वर आलेलं,
खिशात आईनं भाजलेल्या कोलोची पुरचुंडी.
झाडू मारणारी बाई म्हणाली,
ते रात्रीचे तीन रे.
कोलो मी तिथल्याच पायरीवर बसून खाल्लं.
सगळं.

डिस्ट्रिब्युटर उपसून काढतो,
रोटर अर्धा फेरा फिरवून पुन्हा खाली सोडतो.
तो आत बसतो तेव्हा आवाज होत नाही, हाताला कळतं.
वायरीला बल्ब जोडलाय: पॉइंट उघडले की लागणार.

"वर पोचल्यावर ठिणगी दिलीस तर उशीर झाला,"
गाश म्हणतात. "आगीलाही पसरायला वेळ लागतो.
त्यात आपण चोवीसशे मीटरांवर. हवा पातळ,
म्हणून पुस्तकात आहे त्याहून जरा आधी."
रोटरच्या उलट दिशेला, केसभर.
बल्ब लागतो.

वोंडवोसेन यावेळी दार उघडं ठेवून बसतो,
पळायची तयारी ठेवून.
इंजिन एकदा खोकतं, मग धरतं.
वरच्या पाइपवर ठेवलेला पाना
थरथरत थरथरत गाशच्या हाताकडे सरकतो.

घड्याळ मी तसंच ठेवलंय.
काच पुसायला गेलो तर आणखी तेलकट झाली.
रविवारी आठला फोन करते, ती म्हणते.
कुणाचे आठ,
हे आता मी आधी विचारून घेतो.