अनुशेष

लातूरला दातांच्या एका डॉक्टरांकडे
पत्र्याच्या शेडखाली उभी होती ती,
चार वर्षं जागची न हललेली.
टँकरच्या सालापासून धुतलीच नाही, ते म्हणाले,
जरा ओशाळून. बॉनेट उघडलं
आणि दात दाखवायची पाळी त्यांच्यावर आली.

लाल रंग उन्हानं उतरलेला, गेल्या सालच्या तिखटासारखा.
आत पालीची अंडी, उंदरानं कुरतडलेली वायर,
आणि खाली अंधारात
शंखासारखा वळलेला तो टर्बो.
पाइप काढून मी बोट घातलं, चक्र हलवलं.
किंचित डुगडुगलं.
डुगडुगणाऱ्या दाताचं काय करता हो तुम्ही? मी विचारलं.
ते म्हणाले, वाट पाहतो.

दोन लाख दहा हजार. स्टेपनी नाही.
एवढ्यात दोन स्कूटी आल्या असत्या, उज्ज्वला म्हणाली,
आणि त्या सुरूही झाल्या असत्या.

जालन्याच्या मोईजभाईंनी कान लावला:
'सिटी मार री. हवा कां तो भी भाग री.'
मग साबणाचं पाणी, सायकलच्या ट्यूबला लावतात तसं,
आणि इंटरकूलरच्या रबरी पाइपावर
एक बुडबुडा फुगला, फुटला, पुन्हा फुगला.
एअर फिल्टरमधून निघाला जिनिंगचा कापूस,
एका वातीपुरता.
महागाचं ऑइल मी देवाच्या तेलासारखं
थेंब न सांडता ओतलं.
पार्ट यायला सात आठवडे. तोवर ती विटांवर,
आणि शेजारचे भुतेकर रोज सकाळी विचारायचे,
काय, उतरली का?

मग उतरली.
पाय दाबला की आधी काहीच होत नाही.
इंजिन ऐकून न ऐकल्यासारखं करतं.
माहितगार याला लॅग म्हणतात.
आपण अनुशेष म्हणू.
स्वातंत्र्य इथं तेरा महिने उशिरा आलं,
रुंद रूळ त्याहून किती तरी उशिरा,
पाण्याची फाइल तर अजून वाटेवरच आहे.
दोन सेकंदांचं काय घेऊन बसलात?
पण येतं तेव्हा
पाठीत कुणी तरी तळहात ठेवून ढकलतं,
बदनापूरची पाटी वाचायची राहून जाते,
आणि पुढे, दिवा नसलेली,
उसाची दुहेरी ट्रॉली.
ब्रेकांचं काम आधी केलं होतं. म्हणून हे सांगतोय.

एक गोष्ट उज्ज्वलाला सांगितली नाही.
शेंद्र्याला मी सहा वर्षं दुसऱ्या पाळीत होतो.
बोल्ट आवळला, पान्यानं टक् केलं,
की ब्रशनं एक ठिपका.
पहिल्या पाळीचा पिवळा, आमचा हिरवा.
गाड्या पुढे सरकायच्या, सीटवर प्लास्टिक,
आम्ही कंपनीच्या बसनं घरी.
मोईजभाईंच्या खड्ड्यात उतरून, बॅटरी तोंडात धरून
वर पाहिलं, तर चिखलाच्या पापुद्र्याखाली
तीन हिरवे ठिपके.
चौथा पुसला गेला की लावायचाच राहिला,
आता कोण सांगणार?
जेवायला बाहेर गेले सगळे, तेव्हा
पाना लावून पाहिला.
घट्ट होता.

'गरम गाडी की चाबी झटके में नक्को निकालो,
एक मिनट बैठो बोले तो बैठो.'
आतलं चक्र लाखाच्या फेऱ्यांनी फिरलेलं असतं,
तेल थांबलं तर तिथंच करपतं.
म्हणून सिडकोतल्या आमच्या गेटसमोर
रोज एक मिनिट मी नुसता बसतो,
हात स्टिअरिंगवर, कुठंच न जाता.
फोन उचलत नाही.
पहिल्या आठवड्यात उज्ज्वला कुलूप घेऊन उभी राहायची.
काल आली आणि शेजारच्या सीटवर बसली,
मांडीवर निवडायची मेथी.
झालं का मिनिट? तिनं विचारलं.
काटा केव्हाच खाली आला होता.
मी म्हणालो, अजून नाही.