तिथीची पाऊणपट

बर्फाच्या कारखान्यावरची ही खोली
मी दोन कारणांसाठी घेतली:
खाली थ्री-फेज असल्यामुळे वीज टिकते,
आणि बर्फ फोडायचा आवाज सुरू असताना
कोणी फोन करत नाही.

मंगळवारपासून एकच पॅकेज घेऊन बसले आहे.
भरती-ओहोटीच्या वेळा काढणारं, छोटंसं,
कुठल्याशा थंड देशात कुणीतरी फावल्या वेळात लिहिलेलं
आणि सगळ्यांसाठी मोकळं सोडून दिलेलं.
माझ्या मशीनवर गुणी बाळ.
कोऱ्या खोलीत ठेवलं की रडतं.

कोरी खोली, कारण नियमच तसा:
बिल्ड रिकाम्या जागेत व्हायला हवं.
यादीत लिहाल तेवढंच आत येणार,
ओळखीवर काही नाही.
मावशीने फोनवर तिसऱ्यांची एकशिपी सांगितली,
मीठ सांगितलं नाही.
शिरोड्याच्या माणसाला मीठ हा जिन्नस वाटतच नाही.
माझ्या मशीनमध्ये असं किती
न सांगितलेलं मीठ असेल.

लॉग चार हजार ओळींचा.
मी खालून वर वाचते,
कारण रडणं शेवटी असतं
आणि दुखणं त्याच्या बरंच वर.
एक पॅच काढला, परत लावला.
कंपायलर बदलला.
रात्री अडीचला ऑप्टिमायझेशनवर संशय घेतला,
सकाळी मनातल्या मनात त्याची माफी मागितली.
रेक्याविक पास. डकार पास.
वेंगुर्ला फेल.
(आमचं बंदर त्यात कोणी घातलं, देव जाणे.)
अपेक्षित ६:४१. मिळाले १:११.

लवू गिरप बर्फ न्यायला आलेला,
भरती व्हायची होती म्हणून वर येऊन पंख्याखाली बसला,
जाळ्याचं भोक बघावं तसा स्क्रीनकडे बघत.
"काय गो, तीन दिस तांबडांच?"
मग म्हणाला, तारीख खंयची?
मोबाइलवर पंचांग काढलं. वद्य नवमी.
"नवमी? मगे पाणी पावणेसाताक भरतला.
तिथीची पाऊणपट, बस.
चार मिन्टां हिकडे तिकडे.
ह्यां सव्वाएक खंयसून इलां?"

पावणेसातातून सव्वाएक
मी वजा केले नाहीत, ते झाले.
तीन दिवस समोर होते, पण आकड्यांत होते.
पाऊण, सव्वा झाले तेव्हा दिसले.
साडेपाच.
ग्रिनिचच्या आधी आपल्याकडे जेवढं उजाडतं तेवढे तास.

कोऱ्या खोलीत जगाच्या घड्याळांची यादीच नव्हती.
वेंगुर्ल्यात किती वाजले असं विचारलं
तर माहीत नाही म्हणायचं सोडून
ती शून्य म्हणाली.
रेक्याविक, डकार शून्यावरच राहतात,
त्यांचं काय बिघडणार.

यादीत एक शब्द वाढवला: टीझेडडेटा.
सात मिनिटं. खाली बर्फ फुटत राहिला.
मग हिरवं.

बदलांच्या नोंदीत लिहिलं,
बिल्डला वेळक्षेत्रांची माहिती लागते, जोडली.
त्याखाली: निदान लवू गिरप यांचं, तिथीवरून.
त्याला वाचून दाखवलं.
"ह्येचे पैशे गावतत?"
नाही.
"मगे माझां नाव कित्याक?"
माझ्याकडे उत्तर होतं, पण लांबलचक,
आणि आज तृतीया.
सव्वादोनला पाणी फिरायच्या आत
त्याला खाडीच्या तोंडातून बाहेर पडायचं होतं.
जिन्यावरून म्हणाला, पंखो बरो आसा तुझो.

पाऊण तासाने दुसऱ्या यंत्राचा निकाल आला,
बत्तीस बिटांचं जुनं खटारं,
अजून कुठे कुठे कोणी वापरतं म्हणून सांभाळायचं.
तिथे वेंगुर्ला पास.
रेक्याविक फेल.
एका मिनिटाने.

एका मिनिटाला तिथी नसते.
चहा गार झाला होता, तसाच प्याले.
लॉग उघडला,
खालून वर.