उजव्या हाताला

आमच्या देशाला समुद्र नाही.
हे मी दरवर्षी पाचवीच्या वर्गात सांगते,
भिंतीवरच्या नकाशात पट्टीचं टोक
निळ्यापर्यंत नेते, आणि परत आणते.
मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतंच :
मग बाई, जायचं कसं?

असं जायचं :
वानाद्झोरच्या फलाटावर रात्री उभं राहायचं
उकडलेली अंडी, लवाश, मिठाची पुडी घेऊन,
आणि जर्दाळू, जे उद्यापर्यंत टिकणार नाहीत
म्हणून आजच डबाभर वाटून टाकायचे.
गाडी येरेवानचं ऊन पोटात घेऊन येते.
खिडक्या उघडत नाहीत.
पंख्याचं बटण आहे, पंखा नाही.

समोर ग्यूम्रीचे मकर्तिच,
चपला काढून, पाय वर घेऊन, घरच्यासारखे.
मांडीला टेकून कलिंगड.
बातुमीला मिळत नाही का कलिंगड?
"मिळतं की," म्हणाले, "पण ते त्यांचं."

सातव्या डब्याची बाई त्सोविनार.
चादरी मोजून देते, मोजून घेते.
चहाचे ग्लास ठेवताना सगळ्यांना एकच दम :
"परत करा हं. मागच्या खेपेला चार गेले."
आमच्या भाषेत त्सोव म्हणजे समुद्र.
नाव बापानं ठेवलेलं.
त्यानं पाहिला होता, सक्तीच्या नौदलात, तीन वर्षं,
आणि पुढे जन्मभर तेवढंच बोलत राहिला.

सरहद्दीवर गाडी तासभर मुकाट.
पासपोर्ट पुढे जातात, आपण मागे राहतो.
टॉर्च मकर्तिचच्या तोंडावर थांबला.
कुठे?
"समुद्राला."
कशासाठी?
एकाहत्तर वर्षांच्या माणसानं जरा विचार केला.
"बसायला."
शिक्का.

तिबिलिसी गेलं. झोप नाही.
समोवारपाशी त्सोविनार एकटी, बूट सैल करून.
या उन्हाळ्यातली कितवी खेप?
"एकतिसावी."
मग पोहून पोहून कंटाळला असाल!
तिनं नाकातून हवा सोडली, ते हसणं असावं.
सकाळी पोचायचं, दुपारी निघायचं,
मधे चादरी, संडास, तुटलेली कडी, हिशेब.
उरलेल्या वेळात दार लावून झोप.
"आहे की तिथेच, रस्ता ओलांडला की.
वास येतो."

मग, शेजारणीची चहाडी सांगावी तशी, हळूच :
"येताना तो तुमच्या चपलांतून येतो."
उरेकीला चढतात त्यांची वाळू काळी,
लोहचुंबकाला चिकटणारी.
बातुमीची पोरं गोटे आणतात,
आया ते बाकाखाली ढकलतात.
ती झाडते, जॅमच्या बरणीत भरते, घरी नेते.
दोन कुंड्या भरल्या आतापर्यंत.
जिरेनियम लावलंय.
"वाढत नाही मेलं. मीठ असणार.
काढून टाकीन म्हणते."

पहाटे झाडं दाट झाली, हवा ओली,
कुणाच्या तरी पोरानं विचारलं, आला का?
आणि तिनं, बोळाच्या टोकाकडून,
भाजीवालीच्या खणखणीत आवाजात :
"उजव्या हाताला!"

अख्खा डबा एका अंगावर कलला.
मकर्तिच कलिंगडासकट उठले.
दोन झाडांच्या फटीतून आधी राखाडी,
मग राखाडीच, पण हलणारं.
पट्टी कधी इथवर पोचली नव्हती.

ती मात्र पाठमोरी, ग्लास मोजत.
पुन्हा मोजले. एक कमी.
तो माझ्या हातात होता.
द्यायला गेले नाही, खिडकीशीच थांबले.
"इकडे आहे," म्हटलं, "या."

आली. हात पुसत आली.
ग्लास घेतला, उजेडाला धरला.
तळाची पत्ती बघत होती
की काचेपलीकडचं काही,
मला सांगता येणार नाही.
"झाले छत्तीस," म्हणाली,
आणि गेली नाही
लगेच.